इंजिन बाद ठरवण्याआधी मापं तरी घ्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांविषयी मध्यंतरी आपल्या अंकात जे छापून आलं, त्यात ‘इंजिनाचं काम निघालं की गाडी काढून टाकावी’ असा सल्ला होता. ज्यांना लगेच दुसरी गाडी घेता येते त्यांचं ठीक आहे. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माझ्यासारखीला तो सल्ला पेलणारा नाही. शिवाय तो दरवेळी खराही नसतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी २६ वर्षं सहायक होते. मुलांच्या हाती व्हर्निअर आणि स्क्रू गेज द्यायचं, शून्य दोष बघायला शिकवायचं, वाचन वहीत नीट उतरलं की नाही ते पाहायचं, हे माझं काम. इंजिनातलं मला काही कळत नव्हतं. आमची गाडी १४ वर्षांची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. पतींना आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारासाठी न्यावं लागतं, त्यामुळे ती दारात उभी असणं ही आमची गरज आहे.

एका चढावर रेडिएटरचा वरचा रबरी पाइप फुटला. काटा लाल खुणेवर गेला, बोनेटमधून वाफ यायला लागली. तिथल्या तिथे इंजिन बंद करायला हवं होतं. पतींना उन्हात ताटकळत ठेवायला नको, म्हणून मी आणखी दोन किलोमीटर गाडी रेटली. खरं नुकसान झालं ते त्या दोन किलोमीटरमध्ये. माझ्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा ठोकळा, बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला जागा मिळत नाही, मग ते वाकतं आणि दोघांमधली फट बंद ठेवणाऱ्या पातळ गॅस्केटचा चुरा होतो. प्रसरणाचा हा धडा मी कित्येक वर्षं मुलांसमोर मांडला होता, आणि नेमक्या त्या वेळी तो मला आठवला नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये तेलाचं झाकण काढून पाहिलं. आतून पांढरट फेस होता, म्हणजे तेलात पाणी मिसळलं होतं. दहा मिनिटांत निकाल मिळाला: इंजिन गेलं. बोअर करायचं, म्हणजे सिलिंडरचं भोक कापून मोठं करायचं, पिस्टनचा पूर्ण संच बदलायचा, पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक ग्राइंड करायचा, नाहीतर दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन आणून बसवायचं. मी विचारलं, “दादा, बोअर किती झिजलाय?” ते म्हणाले, “ताई, ते खोलल्यावर कळेल, पण हे सगळं करावं लागतंच.” तिथे माझं मन अडलं. वाचन घेण्याआधी निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलाला आम्ही ते पान पुन्हा लिहायला लावत असू.

मी गाडी तिथून ओढून नेली. दुसरे मेस्त्री वयाने मोठे, हाताखाली एकच मुलगा. त्यांना मी सरळ सांगितलं, की पैसे मोजके आहेत. धुणं, घासणं, कार्बन काढणं ही अंगमेहनत मी करीन. पण प्रत्येक भाग बदलण्याआधी त्याचं माप घ्यायचं, आणि माप घेण्याच्या वेळेची मजुरी मी वेगळी देईन. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मापाचे पैसे आजवर कुणी दिले नाहीत, म्हणून आम्ही घेत नाही.” मला वाटतं, सगळ्या प्रश्नाचं मूळ या एका वाक्यात आहे.

हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बनतो ते, पाहिलं. पहिला सिलिंडर दर चौरस इंचाला १७० पौंड, चौथा १७५, आणि मधले दोन ९० आणि ८५. मग त्या दोघांत चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट बुजते आणि आकडा चढतो. इथे आकडा जागचा हलला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले आणि तेलानेही फरक नाही, म्हणजे दोघांच्या मधलं गॅस्केट फाटलं असणार. अर्ध्या तासात, एकही बोल्ट न सैलावता, एवढं कळलं. हेड काढल्यावर गॅस्केट नेमकं तिथेच जळालेलं निघालं.

हेड धुऊन त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पात, सरकवलं. मध्यभागी ०.१२ मिलिमीटरची पात गेली. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ची. म्हणजे हेड वाकलं होतं, पण ते फेस मारून, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट कापून, सरळ होण्याजोगं होतं. मशिन शॉपमध्ये आधी दाबाखाली तडा तपासून घ्यायचा आणि मगच फेस मारायचा, हा क्रम आम्ही धरून ठेवला. तडा गेलेल्या हेडवर फेस मारण्याचे पैसे घालवण्यात अर्थ नसतो.

मग बोअर. ज्याच्यासाठी पिस्टनचा अख्खा संच घ्यायला सांगितलं होतं तो हा. डायल गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजला. एका सिलिंडरची सहा वाचनं, चारांची चोवीस. ती माझ्या वहीत आहेत. सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान यांतला फरक ०.०३ मिलिमीटर निघाला, आणि मॅन्युअल ०.१० पर्यंत चालू देतं. पिस्टनांवर ओरखडे नव्हते. बोअर करायची गरजच नव्हती! समजा मी आधीच पिस्टन आणून ठेवले असते, तर त्यांच्या मापाला जुळावं म्हणून चांगला बोअर कापावा लागला असता. हे उलटं काम किती गाड्यांच्या बाबतीत होत असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

सिलिंडरला फक्त होनिंग केलं, म्हणजे भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडल्या. तेल धरून ठेवायला आणि नव्या रिंगा बसायला त्या लागतात. होनिंगची पूड नुसत्या रॉकेलने निघत नाही. गरम पाणी आणि साबण लावून, पांढरं फडकं फिरवल्यावर ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवावं लागतं, आणि लगेच तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर बीड बघता बघता तांबूस होतं. ते काम माझ्याकडे होतं. पाचव्या वेळी फडकं स्वच्छ निघालं. नवी रिंग एकेक करून बोअरमध्ये सरकवली, पिस्टननेच ढकलून सरळ केली आणि तिच्या टोकांमधली फट मोजली. ती ०.२८ ते ०.३० भरली. ही फट फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर आदळतात आणि रिंग तुटते. डब्यावर माप बरोबर छापलेलं आहे म्हणून हे तपासणं सोडू नये.

तेलात पाणी मिसळलं होतं, म्हणून खालचं तेलाचं चेंबर उघडून, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग शेल पाहिले. ते काळवंडले होते, ते बदलले. क्रँक मात्र मायक्रोमीटरवर सगळीकडे मूळ मापात होता, म्हणून ग्राइंडिंग टळलं आणि शेलही मूळ मापाचेच बसले. बसवताना मेणासारखा एक बारीक धागा शेलमध्ये ठेवून कॅप ठरल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या ठरावीक जोराने, आवळतात. पुन्हा काढल्यावर तो किती रुंद चपटा झाला ते छापील पट्टीशी ताडून पाहतात. त्यातून तेलासाठी उरलेली जागा समजते. आमची ०.०४ आली. प्रयोगशाळेत मी इतकं साधं आणि इतकं अचूक साधन क्वचितच पाहिलं असेल.

एका प्रसंगाचा मला उल्लेख करायलाच हवा. ब्लॉकला चिकटलेलं जुनं गॅस्केट काढायला मुलाने मशीनवर घासणारी चकती चढवली होती. मेस्त्रींनी त्याचा हात धरला. त्या चकतीची पूड डोळ्यांना दिसत नाही, पण तेलाच्या वाटांत शिरली की नवे शेल थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. वर चकतीने ब्लॉकला खड्डे पडतात ते वेगळंच. आम्ही धार नसलेल्या पट्टीने, भोकांत फडकी कोंबून, दोन संध्याकाळी ते काढत बसलो. बोल्टांची भोकंही काडीला कापड गुंडाळून कोरडी केली. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो.

काही ठिकाणी हात आखडायचा नाही, हेही मी तिथेच शिकले. हेडचे बोल्ट माझ्या गाडीत एकदाच ताणून वापरायचे असतात, ते नवे घेतले आणि टॉर्क रेंचने मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळले. गॅस्केटचा पूर्ण संच, व्हॉल्व्हची सीलं, पाण्याचा पंप, रेडिएटरचं झाकण आणि झाडून सगळे रबरी पाइप नवे घातले. एका पाइपाने हे सगळं घडवलं होतं, तो प्रकार पुन्हा नको. पहिल्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढूनच टाका असंही सुचवलं होतं. तो काढल्याने इंजिन गार राहतं, पण गरजेपेक्षा जास्त गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. मी नवा थर्मोस्टॅट घरी पातेल्यात पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर धरला. त्यावर ८२ (अंश) कोरलेलं होतं आणि त्या आकड्याच्या आसपासच तो उघडायला लागला. मगच तो गाडीत गेला.

हेड, रिंगा आणि शेल एवढ्यावर भागलं. पहिल्या यादीतले बोअर, पिस्टन आणि क्रँक हे तिन्ही मोठे खर्च गळाले.

प्रत्येक इंजिन वाचतं असं माझं म्हणणं नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला होता. तिथे दुसरं इंजिन बसवणंच शहाणपणाचं होतं आणि त्यांनी तेच केलं. पण ते भोक डोळ्यांना दिसत होतं. माझ्या गाडीत दिसत होता तो फक्त झाकणावरचा फेस.

मेस्त्री लोकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. चोवीस वाचनं घ्यायला अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक रोज फोन करतं, आणि त्या अर्ध्या दिवसाचे कुणी काही देत नाही. भाग बदलला की निदान बिलात लिहिता येतो. मापाची मजुरी बिलात वेगळी लावायची आणि आकड्यांचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, एवढी पद्धत पडली तरी पुष्कळ फरक पडेल. रक्त तपासलं की आपण अहवाल घरी नेतोच ना? दुसरी मागणी गाडी बनवणाऱ्यांकडे आहे. झिजेच्या मर्यादा आणि टॉर्कचे आकडे कुणालाही मिळाले पाहिजेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी कौल देऊन गाडीदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळवून दिली, युरोपीय संघानेही २०१८ च्या नियमात तशी तरतूद केली. आमच्या मेस्त्रींकडे मॅन्युअलच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती, आणि तिच्यात एक दशांश चिन्ह पुसलं गेलं होतं. तो आकडा आम्ही दुसरीकडून पडताळून घेतला म्हणून निभावलं.

आपल्या वाहनविषयक पानावर एक कोरा तक्ता छापावा, ही विनंती. कॉम्प्रेशन कोरडं आणि तेल टाकून, हेडचा वाक, बोअरची सहा वाचनं, रिंगेची फट, क्रँकचं माप, आणि प्रत्येकासमोर मॅन्युअलची मर्यादा लिहायला एक रिकामा रकाना. वाचक तो कापून गॅरेजमध्ये नेतील. माझ्या वहीची पानं नमुना म्हणून पाठवायला मी तयार आहे. शेवटच्या पानावर गेल्या रविवारची नोंद आहे: कामानंतर नऊ हजार किलोमीटर, चारही सिलिंडर १७० ते १८० च्या दरम्यान.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक