बर्डीच्या कॉम्प्युटर दुकानातल्या काउंटरवरच्या ताईंना, कॉम्प्युटरच्या आवाजाबद्दल

सप्रेम नमस्कार ताई,

घरी जोडलेला कॉम्प्युटर, कोरं विंडोज, पडद्यावर सगळं झकास आणि स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली, म्हणजे आवाज बंद. या दुखण्यावर बाजारात दोनच औषधं मिळतात: 'फॉरमॅट मारा', नाही तर 'वेगळं साउंड कार्ड लावा'. तुम्ही दोन्ही दिली नाहीत. बिलाच्या पाठीवर पेनाने काय कशानंतर तपासायचं त्याचा क्रम लिहून दिलात आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. तो कागद आता बऱ्याच घरांत फिरतोय, म्हणून हे आभारही उघडपणे मानतोय.

ड्रायव्हर (विंडोजकडून उपकरण चालवून घेणारं सॉफ्टवेअर) शोधण्याआधी डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली उपकरणांची यादी) उघडा, ही तुमची पहिली ओळ. तिथे साउंडच्या यादीत काहीच नसेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' बंद आहे का ते पाहायचं. तो बंद असताना कितीही ड्रायव्हर टाका, बसणार कशावर? पिवळा त्रिकोण असेल तर कोड वाचायचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, १० म्हणजे उपकरण सुरूच होत नाही. आणि त्रिकोणही नाही, फुलीही नाही, तरी सगळं शांत असेल, तर आवाज बहुधा एचडीएमआयच्या (मॉनिटरच्या केबलच्या) वाटेने मॉनिटरकडे जातोय. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर स्वतःचं ऑडिओ उपकरण सोबत आणतो आणि तेच डिफॉल्ट होऊन बसतं. आउटपुट बदललं की काम झालं.

पण खरे आभार हार्डवेअर आयडीसाठी, म्हणजे उपकरणाची खरी ओळख सांगणाऱ्या कोडसाठी. उपकरणाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. त्यात 'व्हेन'पुढे (VEN, म्हणजे कंपनी) १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. 'डेव्ह'पुढे (DEV, म्हणजे उपकरण) ०८९७ दिसलं की साउंडची चिप एएलसी८९७. खोक्यावर काय छापलंय याची गरजच उरत नाही. तरीही फाइल चिपच्या नावाने शोधायची नाही, मदरबोर्डाच्या कंपनीच्या वेबपानावरूनच घ्यायची, आणि तीही बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर जुळवून. कारण तुम्ही लिहिलंय तेच: चिप एक असली तरी तिची कोणती पिन कोणत्या भोकाला जोडलीय, हे बोर्डागणिक बदलतं. म्हणून परका ड्रायव्हर कधी बिनतक्रार बसतो, पण मागच्या जॅकमधून आवाज येतो आणि माइक मात्र मुका राहतो.

जुना ड्रायव्हर काढताना 'ड्रायव्हरही काढून टाका' ही खूण करायची. नाही तर तोच बिघडलेला ड्रायव्हर विंडोज आपल्या साठ्यातून परत लावतं. मधल्या वेळात नेटची वायर काढलेली बरी, म्हणजे विंडोज अपडेट आपलंच घोडं पुढे दामटत नाही. आधी चिपसेटचा (मदरबोर्डाच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, मग साउंडचा. रिअलटेकचं सेटअप पुष्कळदा पहिल्या फेरीत फक्त जुनं काढतं आणि रीस्टार्टनंतर नवं बसवतं. लोक मध्येच 'झालं' समजून उठतात. शटडाउनवर भागवू नका, रीस्टार्टच करा, ही अधोरेखित ओळ सोन्यासारखी. फास्ट स्टार्टअप (विंडोज झटपट सुरू करण्याची सोय) चालू असलं की शटडाउननंतरही जुनी अवस्था तशीच परत येते. रिअलटेकचं कंट्रोल अ‍ॅप नव्या ड्रायव्हरसोबत मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं येतं. ते दिसलं नाही म्हणून ड्रायव्हर काढून टाकायचं कारण नाही.

पुढच्या जॅकचं दुखणं तर ड्रायव्हरचं नसतंच बहुतेकदा. कॅबिनेटच्या ऑडिओ वायरला दोन प्लग असतील, तर एचडी ऑडिओ लिहिलेलाच लावायचा. एसी९७ हा १९९७ चा जुना प्रकार, एचडी ऑडिओ २००४ पासूनचा. जुन्या प्लगवर हेडफोन लावल्याचं बोर्डाला कळत नाही. फक्त तोच असेल तर रिअलटेकच्या अ‍ॅपमध्ये पुढच्या पॅनलचं जॅक डिटेक्शन (प्लग लावलाय का ते ओळखणं) बंद करावं. ऑडिओ आणि यूएसबी २.०, बोर्डावरचे दोन्ही हेडर (वायर लावायच्या पिनांचे गट) १० जागांचे, पण ९ पिनांचे. ऑडिओत ८ नंबरची पिन नसते, यूएसबीत ९ नंबरची. बसत नसेल तर जोर लावू नका, तो दुसऱ्याचा प्लग आहे. मागच्या पत्र्याची एखादी पट्टी हिरव्या भोकात घुसलीय का, हेही टॉर्च मारून पाहायचं. हे बाप्पा कोणाच्या ध्यानात आलं असतं!

आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'स्पीकरमधून घरघर येत असेल तर आधी कूलरचा प्लग वेगळ्या स्विचबोर्डवर घ्या, अर्थिंग तपासा.' एप्रिल-मेमध्ये नागपुरात ही ओळ सगळ्यात जास्त कामी येते.

मनापासून आभार, ताई. तुमच्या कागदाच्या झेरॉक्स काढल्यात. मूळ कागद हवा असेल तर काउंटरवर आणून देऊ.

आपले नम्र,
घरी कॉम्प्युटर जोडणारे आम्ही काही जण, नागपूर