सूचना: रविवारी पाटणादेवी

मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायचं आहे. सकाळी ६ वाजता मारुतीच्या पारापासून गाडी निघेल. कोणासाठी थांबणार नाही, मागच्या खेपेला फार बोलणी झाली. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा ज्याचा त्याने आणावा, भरीत मंडळाकडून.

तिथला शके ११२८ चा शिलालेख पाहायचा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, त्याची ही नोंद. वरचा भाग संस्कृत असला तरी शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारातल्या मालावरचा कर, घाण्यामागे पळीभर तेल, असा सगळा रोकडा हिशेब! अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, पाणी काही लावू नका. बाजूने तिरपा टॉर्च मारला की अक्षरं उठून दिसतात. भोवती गौताळा अभयारण्य आहे, प्लास्टिक परत आणायचं.

घरातले जुने कागद दाखवायचे राहिलेल्यांनी बुधवारी वाचनालयात आणावेत. ‘पूर्व खानदेश’ छापलेले असतील तर ते खानदेश जिल्ह्याच्या १९०६ च्या विभागणीनंतरचे. फोटो काढून लगेच परत देऊ. कृपा करून त्याआधी लॅमिनेशन करू नका.

वर्गणी राहिलेल्यांनी गाडीतच द्यावी.

— चिटणीस