गहू-तांदूळ मोफत, पण डाळ-तेलाचे काय?

प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या रेशनकार्डधारकाला, रेशनवर माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळते. आमच्या घरात चार माणसे, म्हणजे महिन्याला 20 किलो. पोट भरते, हे मान्यच. पण पोळी-भात नुसता कसा खायचा? डाळ, तेल, भाजी विकतच आणावी लागते आणि खरी कसरत तिथे सुरू होते.

'लाडकी बहीण'चे 1500 रुपये आले की मी आधी तेल आणि डाळ भरते. तेलाची पिशवी घेताना वजन वाचते. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरते. शेजारीच तशाच दिसणाऱ्या पिशवीवर 800 किंवा 850 ग्रॅम छापलेले असते, आणि आपण मात्र किंमत बघून खूश! तूरडाळ आठवड्यातून दोनदाच शिजते. बाकी दिवस मोड आणलेली मटकी किंवा कुळथाचे पिठले. पाव किलो मटकीला मोड आले की दोन वेळची उसळ होते. भाजीला आठवडी बाजार उठायच्या वेळी जाते. वाटे स्वस्त मिळतात, निवडायला वेळ लागतो एवढेच.

2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ प्रत्येकी एक किलो आणि लिटरभर तेल असा 'आनंदाचा शिधा' मिळाला होता. सणाला रवा-साखर नसली तरी चालेल. डाळ आणि तेल मात्र रेशनवर दरमहा, अगदी पैसे घेऊन का होईना, मिळायला हवे.

– एक गृहिणी, चिंचवड