तेलकट माती: पावडरीच्या पिशवीआधी नांगरट बघा

महोदय,

डेपो, गॅरेज, टाक्यांची आवारे इथली तेल मुरलेली माती जिवाणूंकडून साफ करून घ्यायचे ठरले की सगळी चर्चा किती किलो ‘कल्चर’ (जिवाणूंची विकतची पावडर) घ्यायचे यावरच येऊन थांबते. वास्तविक तेल खाणारे जिवाणू जुन्या तेलकट मातीत बहुधा आधीच असतात. त्यांना कमी पडतात नत्र, स्फुरद आणि हवा. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ या जहाजातले तेल सांडले, तेव्हाही किनाऱ्यांवर जिवाणूंकडून जी सफाई करून घेतली तिचा भर खत टाकण्यावर होता.

हिशेब मांडूनच बघा. दहा टन मातीत २ टक्के डिझेल म्हणजे २०० किलो तेल. त्यात सुमारे १७० किलो कर्ब. कर्ब, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण १००:१०:१ धरले तर १७ किलो नत्र लागते, म्हणजे ३७ किलो युरिया. स्फुरद म्हणजे फॉस्फरस १.७ किलो, त्यासाठी साधारण २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. (गोणीवरचे १६ टक्के हे फॉस्फरसच्या ऑक्साइडचे असतात, शुद्ध फॉस्फरस सातच टक्के. इथे हमखास गल्लत होते.) युरिया एकदम टाकला तर अमोनिया साचून जिवाणूच मरतात. तो तीन-चार हप्त्यांत, पाण्यात विरघळवून द्यावा.

खरी अडचण हवेची. किलोभर तेल पुरते संपवायला तीन ते साडेतीन किलो प्राणवायू लागतो, आणि ढीग घालून ठेवलेल्या मातीत तो आपोआप शिरत नाही. म्हणून थर वीतभरच ठेवावा आणि आठवड्याला रोटाव्हेटर फिरवावा. आपली काळी माती ओली झाली की तिची छिद्रे बुजतात, कुजका वास सुटतो आणि काम ठप्प होते. तिच्यात घनफळाच्या दहा-पंधरा टक्के भाताचे तूस मिसळावे. लाकडाचा भुसा नको, तो कुजताना नत्र स्वतःच ओढून घेतो. ओलावा वाफशाचा हवा: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. सामू (pH) ६ ते ८. पावसाळ्यात वर ताडपत्री, खाली जाड प्लॅस्टिक आणि भोवती बांध नसेल, तर तेल आणि युरिया दोन्ही नाल्याला जाऊन मिळतात.

अहवालातला तेलाचा घटलेला आकडा तेवढ्यावर मान्य करू नये. स्वच्छ माती मिसळली तरी तो घटतो. डिझेल असेल तर हेप्टाडेकेन आणि प्रिस्टेन या त्यातल्या दोन घटकांचे गुणोत्तर मागावे: जिवाणू पहिले आधी खातात, दुसरे मागे राहते, त्यामुळे काम खरोखर झाले असेल तर गुणोत्तर उतरते. नुसत्या भेसळीने ते बदलत नाही. क्रूड किंवा वंगणतेल असेल तर तुलना होपेन या जिवाणूंना सहजी न पचणाऱ्या घटकाशी करावी. शेजारी फक्त खत घातलेला, कल्चर न टाकलेला एक वाफाही ठेवावा. विकत घेतलेल्या पावडरीने काय साधले ते त्यातून कळते.

बॅटऱ्या फोडलेल्या जागेची माती मात्र या कामात घेऊच नये. शिसे कोणताही जिवाणू नष्ट करत नाही. शिशाची तपासणी निविदा काढण्याआधीच व्हावी.

– एक पर्यावरण अभियंता, पनवेल