चाळ रिकामी करताना ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नका

हे आवाहन गिरगाव, ठाकुरद्वार, फणसवाडी, मुगभाट आणि खेतवाडीतल्या रहिवाशांसाठी आहे. इथून डोंबिवली, बोरिवली, विरारला गेलेल्या जुन्या गिरगावकरांसाठी ते त्याहून जास्त आहे.

आपल्या भागातल्या जुन्या चाळी आणि वाड्यांमधली घरं यांचा इतिहास कागदोपत्री जुळवायचं काम वाचनालयाने हाती घेतलं आहे. इमारत कधी उभी राहिली, कोणी बांधली, जमीन कोणाची होती, वरचे मजले कधी चढले, तळमजल्यावर छापखाना होता की खानावळ, कोण कोण राहून गेलं, हे सगळं एकेका इमारतीच्या नावाने नोंदवून ठेवायचं आहे. त्यासाठी तुमच्याकडचे कागद, तुमचा थोडा वेळ आणि थोडे पैसे हवे आहेत. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पैसे शेवटी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. टेकू लावलेल्या गॅलरीखाली ज्याने पावसाळे काढले, पंचाहत्तरीतही जो कॉमन संडासाच्या रांगेत उभा राहतो, त्याला वारसा म्हणजे काय ते बाहेरच्यांनी शिकवू नये. चाळ पडायची तर पडेल. पण ती पडण्याआधी तिची नोंद झाली पाहिजे. आणि अनुभव असा, की इमारतीच्या आधी कागद जातात. खोली खाली करायची नोटीस आली की घाईघाईत माळ्यावरच्या ट्रंका उतरतात, भांडी वाटली जातात, देव आधी हलवले जातात आणि आजोबांच्या पावत्यांचं बाड रद्दीवाल्याच्या तराजूत पडतं. मेट्रो तीनच्या कामात गिरगाव-काळबादेवीतल्या ज्या इमारती गेल्या, त्यांतल्या किती बिऱ्हाडांनी असे कागद सांभाळले असतील?

‘सरकारदरबारी नोंदी असतीलच की, आमच्या ट्रंका कशाला?’ असं बरेच जण विचारतात. नोंदी आहेत. पण सरकारने या इमारतींना वय विचारलं ते फार मोघम. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण मानलं. पुढे १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठीचा उपकर लागू झाला, तेव्हाही तीच तारीख कामाला आली. त्या तारखेच्या आधीच्या सगळ्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये, त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ मध्ये. मुळात उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गात! म्हणजे १८७० ची लाकडी चाळ आणि १९३५ ची सिमेंटची गोलाकार गॅलरीवाली इमारत एकाच खणात. उपकर बसवायला तेवढं पुरत होतं, त्यात कोणाचा दोष नाही. पण आज म्हाडाची यादी चाळून आपल्या चाळीचं वय शोधायला जाल तर ‘१९४० पूर्वी’ यापलीकडे काही हाती लागायचं नाही.

गाजलेल्या वास्तूंची काळजी आम्हाला नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, ते कोणी विसरणार नाही. खोताच्या वाडीत तर रविवारी कॅमेरेवाल्यांना वाट काढून द्यावी लागते. प्रश्न आहे तो त्यांच्या शेजारच्या, तीनमजली, नावापुरत्या नाव असलेल्या इमारतींचा. आणि गाजणं हेही काही अभय नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या ज्या कोरोनेशनमध्ये लागला, ते थिएटर तरी कुठे राहिलं?

आता काम कसं चालतं ते थोडं तपशिलात सांगतो, म्हणजे तुमच्या कपाटातला कुठला कागद मोलाचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

सुरुवात होते सी. एस. नंबरपासून, म्हणजे जमिनीच्या कॅडस्ट्रल सर्व्हेतल्या क्रमांकापासून. मुंबई शहरातल्या प्रत्येक तुकड्याला तो आहे, आणि त्यावरून फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊसमधून मालमत्ता पत्रक काढता येतं. त्यावर एकामागून एक मालकांची नावं दिसतात आणि जमिनीचा धारणाप्रकारही: फझिंदारी, फोरास, टोका, पेन्शन अँड टॅक्स. हे शब्द वाचून घाबरू नका, आम्हीही शिकतोच आहोत. फझिंदारी म्हणजे घर एकाचं आणि खालच्या जमिनीचं भुईभाडं दुसऱ्याला, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ गुंते सुटतात. मग जुनं खरेदीखत मिळालं तर त्याच्या शेवटचं परिशिष्ट सोन्यासारखं. त्यात कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, सर्व्हेचा जुना-नवा नंबर आणि चारी बाजूंचे शेजारी ओळीने लिहिलेले असतात. या नंबरांच्या शिडीवरून मागे मागे जात १८६५ ते १८७२ या काळात लॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या मुंबईच्या मोजणीच्या नकाशांपर्यंत पोचता येतं. त्या नकाशात तुमची चाळ दिसली तर ती दीडशे वर्षांची. त्या जागी नुसती वाडी आणि विहीर दिसली तर गोष्ट वेगळी.

मधला एक मोठा अडथळा म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली हा ट्रस्ट निघाला आणि दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते वस्ती कापून काढले. त्यामुळे रस्त्याकडेच्या कित्येक तुकड्यांचे आकार आणि नंबर बदलले. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. रस्त्याला लागून असलेल्या इमारतीचा माग इथे तुटला, तर बहुतेकदा कारण हेच असतं.

रस्त्यांची नावं बदलली ती वेगळीच. प्रिन्सेस स्ट्रीट आज शामळदास गांधी मार्ग, सँडहर्स्ट रोड सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोड डॉ. भडकमकर मार्ग, फॉकलंड रोड पठ्ठे बापूराव मार्ग. गिरगाव रोड जगन्नाथ शंकरशेटांच्या नावाने, गिरगाव बॅक रोड विठ्ठलभाई पटेलांच्या. जुन्या दस्तात आजचं नाव शोधणारा रिकाम्या हाताने परततो. इथे ज्येष्ठांची स्मरणशक्ती कामाला येते: कुठल्या गल्लीला लोक काय म्हणत, कुठल्या चाळीला मालकाचं नाव आणि कुठलीला नुसतं कोपऱ्यावरच्या दुकानाचं. चाळीच्या पाटीवरचं नाव बांधणाऱ्याचंच असतं, असं धरून चालू नका. पुढच्या खरेदीदाराने वडिलांचं नाव लावलेल्या इमारती कमी नाहीत.

आता दगड, कौल आणि लोखंड. दारावरच्या किंवा जिन्याच्या बाजूच्या शिलालेखावर ऑइलपेंटचे थर चढलेले असतात. पण साल सापडलं म्हणून लगेच उड्या मारू नका. गुजराती मालकाच्या इमारतीवर विक्रम संवत असतं, मराठी मालकाच्या शके, पारशी मालकाच्या यझदेगर्दी. संवत १९६४, शके १८२९ आणि यझदेगर्दी १२७७ ही तिन्ही १९०७-०८ चीच सालं. ‘१९६४ ची म्हणजे आमची बिल्डिंग तशी नवीनच’ असं छातीठोक सांगणारे गृहस्थ आम्हाला भेटले आहेत, आणि पारशी साल इसवी सन समजून सातआठशे वर्षांच्या चाळीत राहत असल्याचा अभिमान बाळगणारेही.

मंगळुरी कौलांवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. बासेल मिशनचा मंगळुरातला पहिला कारखाना १८६५ चा, त्यामुळे तसं कौल त्याआधीचं असूच शकत नाही. मात्र छपरं पुन्हा शाकारली जातात. कौल छपराचं वय सांगतं, घराचं नव्हे. कौलावर एखादं साल दिसलं तर तेही बऱ्याचदा कारखान्याच्या स्थापनेचं असतं. खोलीतल्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्यांचंही तसंच. मुंबईची भारत टाइल्स कंपनी १९२२ ची, तेव्हा तिची लादी त्यानंतरच बसली. पण ती मूळची की नंतर कोणी लग्नाआधी खोली सजवताना बसवलेली, ते घरातली माणसंच सांगू शकतात. लोखंडी तुळयांवर उठावाची अक्षरं असतात. विलायतेच्या डॉर्मन लाँगची असतील किंवा टाटांची. टाटांचं पोलाद साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, १९१२ पासून निघू लागलं, हे लक्षात ठेवलं की त्या मजल्याचं वय एका बाजूने तरी बांधलं जातं. इमारत पाडताना ही अक्षरं काही तास उघडी दिसतात, मग तुळया भंगारात आणि सागवान ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. तेवढ्या वेळात मोबाइलवर फोटो काढा. पाडकामाच्या आत शिरू नका, फुटपाथवरून जे दिसेल ते पुरे.

मालमत्ता पत्रक मालकाचं असतं, हे विसरून चालत नाही. गिरगाव मालकांनी नव्हे, भाडेकरूंनी भरलेलं होतं, आणि भाडेकरूची नोंद सरकारी दप्तरात फारशी नसते. ती तुमच्या ट्रंकेत आहे. आम्हाला सगळ्यांत जास्त हवी ती भाड्याची पावती. तिच्यावर मालकाचं किंवा ट्रस्टचं नाव, खोली क्रमांक, दरमहा भाडं असतं, आणि महसुली तिकिटावर राजाचं डोकं आहे की नाही त्यावरून काळ कळतो. एकाच खोलीच्या वीसेक वर्षांच्या पावत्या मिळाल्या तर मालकी कधी फिरली ते महिन्यासकट सांगता येतं. त्याखालोखाल लग्नपत्रिका, जुन्या पत्त्याची पोस्टकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, विजेची बिलं, रेशनकार्डं, भाडेकरू संघाची इतिवृत्तं. आणि गणेशोत्सव मंडळांचे जुने अहवाल! वर्गणीदारांची यादी खोलीवार छापलेली असेल, तर ती त्या वर्षीची चाळीची शिरगणतीच. फोटोत माणसांमागे काय आहे तेही आम्ही पाहतो: कठड्याची नक्षी, झाकलेली विहीर, एखादी आता नसलेली पाटी.

कागद देताना एवढं पाळा. मूळ पावती आमच्याकडे ठेवून जाऊ नका, आग्रह केलात तरी आम्ही घेणार नाही. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ पूर्वीपासूनचं भाडेकरूपण सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा हेच कागद तुमचा हक्क राखतात. तुमच्यासमोर स्कॅन करू आणि तिथल्या तिथे परत देऊ. पागडीचे व्यवहार, भाऊबंदकीचे दावे, आजारपणाची कागदपत्रं यातलं काही आम्हाला नको. हयात व्यक्तीचं नाव तिच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही प्रसिद्ध करणार नाही. वाचनालय कोणाच्याही वादात कागदावरून मत देणार नाही, तेव्हा कृपा करून वकिलाला घेऊन येऊ नये.

स्वयंसेवक हवेत ते मुख्यतः वाचणारे. मोडी येणारे आमच्याकडे फार थोडे आहेत, आणि जुने मराठी दस्त, हिशेबाच्या वह्या, मृत्युपत्रं मोडीत आहेत. गुजराती हस्ताक्षर वाचणारे हवेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आठवड्यातला एक दिवस बसायची तयारी असलेले निवृत्त लोक हवेत. तिथे चहा मिळत नाही आणि मान दुखते, हे आधीच सांगून ठेवतो. कॉलेजच्या मुलांनी ज्येष्ठांच्या मुलाखती रेकॉर्ड कराव्यात. मात्र ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं विचारून काही मिळत नाही. नळ किती वाजता यायचा, मोरी घरात कधी आली, खाली कोणाचं दुकान होतं, खोलीत पाहुणे किती आणि झोपायला गॅलरीत कोण, असं विचारलं की बोलणं थांबत नाही.

आता पैसे. ते लागतात प्रमाणित नकलांच्या फीसाठी, मोठे दस्त मावतील अशा ए-थ्री स्कॅनरसाठी, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांसाठी आणि सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवण्यासाठी. कार्यकारिणीतलं कोणीही मानधन घेत नाही. मोडीचं लिप्यंतर करणाऱ्यांना मात्र पानामागे मानधन देणार आहोत, कारण एवढं कष्टाचं कौशल्य फुकट मागणं आम्हाला पटत नाही. शंभर रुपयेही चालतील. पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर तिमाहीला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. आयकराची सवलत या देणगीवर मिळणार नाही. ज्या विकासकाचं काम आपल्या भागात चालू आहे त्याच्याकडून रक्कम घ्यायची नाही, असा ठराव झाला आहे. त्यांना खरंच मदत करायची असेल तर पाडकामाच्या आदल्या दिवशी आम्हाला निरोप द्यावा आणि तासभर फोटो काढू द्यावेत.

दर रविवारी सकाळी दहा ते एक स्कॅनिंगचं टेबल वाचनालयाच्या वाचनकक्षात असेल. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ, काउंटरवर नाव आणि खोली क्रमांक लिहून ठेवा. बाहेरगावी गेलेल्यांनी येताना निदान एक पावती आणि एक फोटो पिशवीत टाकावा. गणपतीत तुम्ही जुन्या चाळीत याल ते दर्शनाला, पण दहाही दिवस वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवत आहोत, आरती झाली की इकडे वळा. ज्यांच्या इमारतीला खाली करण्याची नोटीस लागली आहे, त्यांनी रविवारची वाट पाहू नये. कुठल्याही दिवशी या.

कार्यकारिणीच्या वतीने,
चिटणीस, वाचनालय, गिरगाव