चिऊ रामशेज चढली

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, एवढ्याशा पोरीला गडावर कशाला नेता, हे तुझं फोनवरचं बोलणं मनात राहिलंय. म्हणून सगळं नीट लिहून कळवते. चिऊ रविवारी रामशेज स्वतःच्या पायांनी चढली आणि उतरली. कडेवर एकदाही घ्यावं लागलं नाही.

रामशेज मुद्दामच निवडला. नाशिकहून पेठ रस्त्याने जेमतेम अर्धा तास, पायथ्याला आशेवाडी. मोठ्या माणसाला वर जायला तासभर पुरतो, आम्ही त्याच्या दुप्पट वेळ धरूनच निघालो. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर सोसत नाही, म्हणून उजाडताच चालायला लागलो. पाऊस सरलाय, वाट कोरडी आहे आणि गवत अजून पुरतं वाळलेलं नाही. लहान मुलांना न्यायला याहून चांगले दिवस नाहीत.

मुलांबरोबर चालायचं तर घाई घरी ठेवून यावी लागते. वाटेत तेरड्याच्या शेंगा पिकल्या होत्या. मी एक तिच्या बोटांत दिली आणि हलकेच दाबायला सांगितली. शेंग फट्कन फुटली, सालीच्या गुंडाळ्या झाल्या आणि काळपट बिया उडून तिच्या गालावर आपटल्या. आधी दचकली, मग हरखलीच! पुढचा कितीतरी वेळ ती प्रत्येक झुडपापाशी उकिडवी बसून टपोऱ्या शेंगा हुडकत होती. हिरव्या फुटत नाहीत, पिवळट पडलेल्या फुटतात, हे तिचं तिनेच शोधून काढलं. मला तर गड तिथेच सर झाल्यासारखा वाटला.

वर कातळातल्या राममंदिरापाशी सावलीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वनवासात रामाने इथे विश्रांती घेतली म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. बाबा, तुम्ही लहानपणी मला सांगायचा ती लाकडी तोफांची गोष्ट मी तिला तिथे सांगितली. 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला, गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून तोफा केल्या, आणि एवढासा गड पाच वर्षांहून जास्त झुंजला. त्यावर तिचा पहिला प्रश्न, ‘लाकूड जळलं नाही का?’ याचं उत्तर आजोबांनीच द्यायचं, असं ठरलंय.

माथ्यावर मात्र मी तिचा हात क्षणभरही सोडला नाही. कडे सरळ तुटलेले आहेत. समोर देहेर आणि भोरगड स्वच्छ दिसत होते. टाक्यांतलं पाणी प्यायचं नाही हे आधीच बजावलं होतं, पुरेसं पाणी सोबत होतं. उतरताना खरा कस लागतो. मुरमावरून पाय सरकतो, त्यात पोरं दमलेली असतात. तिचे बाबा पुढे, मी मागे, मध्ये ती, आणि घसरणीच्या जागी सरळ बसून उतरायचं. पायजम्याला कुसळं चिकटली होती, ती घरी येऊन दोघींनी वेचली. आई, रात्री तिचे पाय तेलाने चोळून दिले. सकाळी उठून ती शाळेतही गेली.

तिला दमणं कळावं, आणि दमल्यावरही थोडं बसून पुन्हा चालता येतं हेही कळावं, एवढ्यासाठी मी तिला नेते. तुम्ही मला शेताच्या बांधाबांधाने चालवलंत तेव्हा हेच दिलंत. आता तिच्याबरोबर तुम्ही असावं असं फार वाटतं.

दिवाळीनंतर या. थंडी पडलेली असेल, दिंडोरीकडे छाटणी झालेल्या द्राक्षबागा फुटलेल्या असतील. बाबांच्या गुडघ्याला माथ्यापर्यंत जाणं जमणार नाही, पण झेपेल तेवढं सावकाश चढू आणि सावलीची जागा बघून बसू. आईला पायथ्याशीच बसायचं असेल तर मी तिच्याजवळ थांबेन. बाबांचे चालायचे बूट इथेच घेऊ, फक्त नंबर कळवा. गाडीचं आरक्षण मी करते, तारीख तेवढी सांगा.

तुमची,
ताई