बागेला सुशोभीकरण नको, लीज द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उद्यानांतली फायबरची हरणं आणि सेल्फी पॉइंट यांवरचा खर्च वायफळ आहे असं सांगणारं मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं ते ई-पेपरवर वाचलं, शंभर टक्के पटलं. सध्या मी सिडनीला मुलीकडे आहे आणि इथे एक अशी बाग बघितली की त्या पत्रात आपली भर घातल्याशिवाय राहवेना.

वेंडीज सीक्रेट गार्डन म्हणतात तिला. वेस्टमीड या उपनगरातून ट्रेन थेट हार्बर ब्रिजवरून मिल्सन्स पॉइंटला आणून सोडते, मग लूना पार्क या करमणूक पार्कच्या दारावरच्या त्या अवाढव्य हसऱ्या तोंडासमोरून चालत लॅव्हेंडर बे ही खाडी. सीक्रेट कसलं, आता गुगल मॅपवर आहे, तरी रस्त्यावरून पटकन कळत नाही. तिकीट नाही, गेट नाही, शिट्टी मारून उठवणारा वॉचमन नाही. खाली उतरत जाणाऱ्या वाकड्यातिकड्या पायवाटा, धरायला झाडांच्या ओबडधोबड फांद्यांचेच कठडे, आणि एक प्रचंड मोरेटन बे फिग, आपल्या वडाच्याच खानदानातला. मी नेच्यांमधून वाट काढत होते तर पानांआडून एक दगडी चेहरा माझ्याकडे बघतोय! दचकलेच. मग नजर बसली आणि एकेक दिसायला लागलं, कुठे गंजलेलं अवजार, कुठे कुणाचं तरी टाकून दिलेलं खेळणं, सगळं असं ठेवलेलं की शोधणाऱ्यालाच सापडावं. कशाखाली पाटी दिसली नाही. आमचे अहो बाकावर बसले ते पाऊण तास उठायलाच तयार नव्हते, म्हणे समोर खाडीतल्या बोटी बघतोय.

आता मुद्द्याचं. ही जागा रेल्वेची. १९९२ पर्यंत तिथे निव्वळ उकिरडा होता, लँटाना म्हणजे आपली घाणेरी माजलेली, खाली फुटक्या बाटल्या, कुजलेल्या गाद्या. वर घर वेंडी व्हाइटली बाईंचं. त्यांचे पूर्वीचे पती ब्रेट व्हाइटली, ऑस्ट्रेलियातले फार मोठे चित्रकार, याच निळ्या खाडीची चित्रं त्यांनी काढली, ते त्या वर्षी गेले. दुःख कुठे घेऊन जायचं माणसाने? बाई खाली उतरल्या आणि कचरा उचलायला लागल्या. परवानगी वगैरे कुणाची घेतलीच नाही. माळी लावले तेही स्वतःच्या पैशांतून, मग शेजारपाजारचे लोक हातभार लावायला आले. २००१ मध्ये एकुलती एक मुलगी आर्की कॅन्सरने गेली तरी काम थांबलं नाही. दोघांच्या अस्थी याच बागेत आहेत, नेमक्या कुठे ते गुपित.

मला खरं कौतुक वाटलं ते सरकारचं. हे कायद्याने अतिक्रमणच की हो, आणि तेही हार्बर ब्रिज दिसणाऱ्या जागेवर, भाव काय असेल तिथे! पण जेसीबी नाही आला. उलट २०१५ मध्ये राज्य सरकारने ती जमीन नॉर्थ सिडनी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, ३० वर्षांच्या लीजवर दिली, पुढे आणखी ३० वर्षं वाढवायची सोय ठेवून.

आपल्याकडे काय होतं ते सांगते. आमच्या भागातल्या काही लोकांनी एका पडीक कोपऱ्यात कढीपत्ता, जास्वंद, जुन्या माठांवर मुलांनी रंगवलेली चित्रं असं काय काय केलं होतं. एका सकाळी साफ. विचारलं तर उत्तर मिळालं, सुशोभीकरण होणार आहे. झालंही, पेव्हर ब्लॉक आले, मधोमध फायबरचा मोर आला, आणि नाव कुणाचं ते सांगायला नको. मोराचा तुरा पहिल्याच पावसाळ्यात तुटला.

रेल्वेला जागा वापरायला देणं जमत नाही असंही नाही, मुंबईत रुळांच्या कडेला रेल्वेच्याच ग्रो मोर फूड योजनेत वर्षानुवर्षं पालक-माठ पिकवला गेलाच ना (पाणी कुठलं असायचं तो वेगळा विषय). मग अशाच पडीक तुकड्यांवर रहिवाशांना बाग का करू देत नाही? निदान ५ वर्षांचा लेखी करार द्या. उद्या उखडणार हे माहीत असेल तर कोण झाड लावेल, लावलं तर तुळस लावेल, आंबा नाही लावणार.

आणि हो, असा करार हातात पडला की लगेच कुंपण घालून आत सोसायटीच्या गाड्या लावणारेही आपल्यातच आहेत, ते मी नाकारत नाही. म्हणून अट घाला, गेट लावायचं नाही, कुलूप नाही, कुणालाही कधीही येता आलं पाहिजे, आणि मोडली अट तर करार रद्द. डिझाइन मात्र आमच्यावर सोडा, कन्सल्टंट नको. रोपं, खत आणि रंगवायचे माठ आम्ही आमचे आणू.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे (सध्या मुक्काम सिडनी)